पोपोबावाची तिसरी खेप

भूत शकुनकडे गेलं आणि आपल्याकडे आलं नाही, ही बातमी नत्थुजींना सकाळच्या चहाबरोबर मिळाली आणि चहाची चवच गेली.

"कोणती शकुन?"

"आपली भाजीवाली. राती छातीवर बसला म्हणते तिच्या. वास बी सुटला होता बम, नाक फुटन असा." मैनाबाईंनी बशी पुढे सरकवली. "आता आपलंच घर राह्यलं."

हे भूत म्हणजे पोपोबावा. गल्लीतला धर्मेंद्र टांझानियात नोकरीला होता. सुटीवर आला तसे लोक त्याला पगार विचारायला लागले. पगार सांगायचा नव्हता म्हणून त्यानं तिकडच्या भुताची गोष्ट सांगितली. हा पोपोबावा वटवाघळाच्या पंखांची सावली पाडत येतो, झोपलेल्याच्या छातीवर बसतो आणि जाताना बजावतो, चार लोकांत सांग, नाहीतर परत येईन. जो त्याला खोटं म्हणेल त्याच्याकडे तर हमखास जातो. नावात बावा आहे म्हणून मैनाबाईंनी ऐकता ऐकताच हात जोडले होते.

दुसऱ्या दिवशी गोपाल संत्रेवाला पारावर छाती चोळत आला. मग काय, गाव सुटलंच. गावचा मुंजा काय, उघड्यानागड्या कोणालाही धरतो. हा विमानानं आलेला, घर पाहून येणार! आधी स्लॅबवाल्यांकडे आला, मग ट्रॅक्टरवाल्यांकडे. ज्याच्याकडे आला त्याला पारावर फुकट चहा. नत्थुजींचा धाकटा भाऊ शालिकराम, त्याच्याकडे तर म्हणे दोनदा.

नत्थुजींना झोंबलं ते हेच. शुक्रवारी ग्रामसभा होती आणि तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष निवडायचा होता. ही खुर्ची वर्षानुवर्षं नत्थुजींची. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, सख्ख्या भावाशी बोलणं बंद होतं, पण गावचे तंटे मिटवायला त्याची काही आडकाठी नव्हती. यंदा मात्र शालिकरामच समोर उभा होता आणि पारावर लोक उघड म्हणत होते, "ज्याच्याकडं पोपोबावा बी फिरकत नाई, त्याच्याकडं तंटा घेऊन कोन जाईन?"

शुक्रवारी सकाळी नत्थुजी कण्हतच उठले.

"काय झालं वो?"

"आला होता. तीनदा."

"अगाई! तीनदा?" मैनाबाईंच्या हातातला तांब्या कलंडला. "मले काहून नाई समजलं? मी तं बाजूलेच होती."

"तू घोरून राह्यली होती."

मैनाबाईंना ते पटलं. त्यांनी मीठमोहऱ्या आणून नवऱ्याची दृष्ट काढली. बिचारीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. नत्थुजींना जरा लाज वाटली, पण खुर्चीपुढे लाज कितीशी टिकणार?

ग्रामसभेत नत्थुजींनी छातीला हात लावून सगळं सांगितलं. वास, सावली, ओझं, आणि एकदा नाही, तीनदा! शालिकरामचं तोंड उतरलं.

"काय बोलला तो, काका?" कोणीतरी विचारलं.

"म्हणे, नत्थुजी, सांभाळा."

"मराठीत?"

"माह्याशी बोलाचं म्हणून शिकला असन!"

टाळ्या पडल्या. बायकांच्या बाजूला मैनाबाई मान ताठ करून बसल्या. तेवढ्यात मागून धर्मेंद्र उठला. रोज सकाळी दारात भूत लागलेल्यांची जत्रा भरायची, तिला तो पार विटला होता.

"काका, तुमी सगळ्याइनं कबूल केलं हे लय मोठं काम केलं. तिकडं लोक, तो परत येईन म्हणाला तरी, सांगत नाई."

"काहून?"

"अर्धी गोष्ट सांगाची राह्यलीच होती. तो कोनाच्याही छातीवर बसत नाई. ज्यानं आपल्याच माणसाची जमीन दाबली, त्याच्याच बसते. एका जमिनीची एक खेप."

छातीवर ठेवलेले हात पटापट खाली आले. मग एकदम कल्ला.

"माह्या छातीवर मांजर बसली होती!" गोपाल ओरडला.

"मले गॅस झाला होता गा!" शकुन म्हणाली.

"झाला असन," धर्मेंद्र म्हणाला. "पण नाई म्हणनाऱ्याकडं तो आज राती नक्की येते. मंग सांगजा."

सगळे खाली बसले. हो म्हणावं तर चोर, नाही म्हणावं तर रात्री पाहुणा. शालिकराम भावाकडे बघेना, भाऊ त्याच्याकडे बघेना. आता कोणी कोणाच्या धुऱ्यावर बोट ठेवायचं? शेवटी गोपालच घसा खाकरून उठला. "माहं म्हननं असं हाय, की सगळ्याइचंच झाकलेलं राहू द्या. अध्यक्ष असा पाह्यजे की ज्याले ह्या कामाचा अनुभव हाय. आन् नत्थुजीएवढा अनुभव कोनाले हाय?"

शालिकरामनं निमूट नाव मागं घेतलं. नत्थुजी बिनविरोध निवडून आले. असा एकमुखी ठराव गावात कधी झाला नव्हता.

गळ्यात हार घालून नत्थुजी घरी आले. मैनाबाईंनी पाणी दिलं नाही. त्या उंबऱ्यातच बसल्या होत्या, मांडीवर मोबाईल.

"एक खेप शालिकरामभाऊच्या धुऱ्याची. ते मले माईत होतं," त्या म्हणाल्या.

"अवं, तो पोट्टा काहीबी..."

"मंग पोपोबावा आलाच नाई का? खोटं बोलले? सांगू पारावर?"

नत्थुजींनी गळ्यातला हार चाचपला. "आला होता ना. कोन नाई म्हनते?"

"म्हनूनच नणंदेले, माणिकबाईले, अकोल्याले फोन लावला. बहिणीले भाऊबीजेले एक लुगडं देऊन तुमी हक्कसोडीवर सही घेतली होती, ध्यानात हाय? त्या म्हणे, दुसरी खेप माही. उद्याच्या एसटीनं येऊन राह्यल्या, वकील घेऊन."

नत्थुजींनी हार उतरवला आणि ते समोरच टेकले. मैनाबाईंच्या बापानं लेकीला चोळी-बांगडीसाठी दिलेलं रिद्धपूरकडचं वावर कोणाच्या नावावर चढलं, हे घरात आजवर कोणी विचारलं नव्हतं. मैनाबाईंनी पदर खोचला आणि त्यांच्यासमोर मांडी घातली.

"आता तिसरी खेप कोनाची, ते तुमी सांगता का मी सांगू?"