वळणावरचे उतारू

नॅरोगेजची ती शाखा बंद होऊन एक पिढी लोटली, तेव्हा ती आपली किती लाडकी होती याचा गावाला साक्षात्कार झाला. साक्षात्कारानंतर समिती स्थापन होणे क्रमप्राप्तच होते. समितीने लाईन पुन्हा सुरू करण्याची मागणी केली आणि मागणीला वजन यावे म्हणून गावातल्याच एका प्राध्यापकांकडून लाईनचा साधार इतिहास लिहवून घेतला. लाईन का बंद पडली, याचे त्यात एकच कारण दिले होते: अखेरच्या स्टेशनमास्तरांची उदासीनता.

निवृत्त मास्तरांनी ते वाक्य ओसरीवर बसून पुन्हा पुन्हा वाचले.

“तुम्ही गाडी बंद पाडलीत म्हणे,” पत्नी आतून म्हणाली. “घरातला गळका नळ बंद होत नाही तुमच्याच्यानं.”

मास्तरांना हसू आले नाही. सारी नोकरी त्यांनी इस्त्रीच्या कोटात, तिकिटे गोळा करायला फाटकाशी उभे राहून काढली होती, आणि फाटकाशी कोणी फिरकलेच नव्हते. स्टेशनाच्या अलीकडे एक वळण होते. तिथे गाडी इतकी मंदावे, की म्हातारी माणसेही पिशवीसकट अलगद उतरत. तिकिटे फक्त फाटकावर पाहिली जात. सबब तिकीट काढणे हा उधळेपणा समजला जाई. वळणापर्यंत खच्चून भरलेली गाडी फलाटाला लागे ती रिकामी. वरिष्ठ कार्यालयाच्या मते त्या गावाला कधी कोणी आलेच नाही. आणि जिथे कोणी येत नाही तिथे गाडी कशाला, हा निष्कर्ष निर्दोष होता.

मास्तर समितीकडे गेले. वळणाचा उल्लेख करा, माझ्या माथ्यावरचे खापर उतरवा, एवढीच त्यांची विनंती होती. सभासद आपापल्या चपलांकडे पाहू लागले. अध्यक्षांची लाकडाची वखार होती. ते मोकळ्या मनाचे होते.

“मास्तर, उतरायचो आम्ही सगळेच. सगळ्यांची नावं घालायची तर पुस्तक जाड होईल. तुमचं एकट्याचं कसं, मावतं.”

मास्तरांनी प्राध्यापकांकडे पाहिले. “आणि सर, तुम्ही कुठे उतरायचात?”

“मी तेव्हा विद्यार्थी होतो,” प्राध्यापक संशोधकाच्या संयमाने म्हणाले. आणि नव्या माहितीच्या प्रकाशात त्यांनी मजकूर सुधारला. वळणावर उतरणे ही ‘उत्स्फूर्त लोकपरंपरा’ ठरली, आणि फाटक वळणावर न हलवणे हा मास्तरांचा दुसरा अपराध.

दरम्यान कार्यालयाने एक चाचणी फेरी मंजूर केली. रूळ उखडण्याचा प्रस्ताव अद्याप विचाराधीन असल्याने रूळ जागेवर होते. कार्यालयाचे साहेब स्वतः फलाटावर उभे राहणार. गाडी भरून आली तर लाईन सुरू. अध्यक्षांनी मास्तरांना शब्द दिला, की तसे झाले तर पुढच्या आवृत्तीतून त्यांचे नाव गाळू.

त्या दिवशी मास्तर जुना कोट घालून साहेबांशेजारी उभे राहिले. लाईनच्या पलीकडच्या टोकाला अख्खे गाव गाडीत बसले होते. शिट्टी झाली. डब्यांतला कल्लोळ माळावरून फलाटापर्यंत ऐकू येत होता. मास्तरांचा ऊर भरून आला.

गाडी वळणावर आली. कल्लोळ थांबला.

फलाटाला लागली तेव्हा बाकांवर इतिहासाच्या भेटप्रतींखेरीज काही नव्हते. साहेबांनी प्रत्येक डब्यात डोकावून “अपेक्षेप्रमाणे” असा शेरा मारला. थोड्याच वेळात कपडे झटकत, शेतवाटेने गाव आले. अग्रभागी अध्यक्ष.

“आज प्रवास फुकट होता,” मास्तर हलकेच म्हणाले.

“माहीत आहे हो,” अध्यक्ष म्हणाले. “पायांना कोण सांगणार?”

दुसऱ्या आवृत्तीत मास्तरांचे अपराध तीन झाले. तिची एकच भेटप्रत एकमेकांकडून मागून घरोघरी वाचली गेली. प्रकाशकाच्या गोदामातून मात्र दुसरी एकही प्रत हलली नाही, आणि गावात वाचक उरला नाही, असा त्यानेही निर्दोष निष्कर्ष काढला.

हे पान आपणही कोणाकडून तरी मागूनच आणले असणार. हरकत नाही. मजकूर आता मंदावला आहे, आपण पिशवी सावरून दारात आला आहात; फाटकाशी कोटातला माणूस उभा आहे, आणि त्याला आपण दिसत आहात.