सात नंबरची काठी

भांडुपच्या 'शुभेच्छा' सोसायटीचे सेक्रेटरी सहदेव चिंदरकर यांचा प्रामाणिकपणा सोळाही बिऱ्हाडांना ठाऊक होता. ठाऊक नसायला झालंय काय? स्वतः चिंदरकरच तो दिवसातून दोनदा सांगायचे. "सापडलेल्या वस्तूला मी हात लावतो, तो फक्त परत देण्यासाठी!" एकदा जिन्यात सापडलेलं शर्टाचं बटण घेऊन ते चारही मजले फिरले होते. दारोदार चौकशी झाली आणि शेवटी बटण त्यांच्याच शर्टाचं निघालं. तरीसुद्धा ते त्यांनी स्वतःची सही घेऊनच ताब्यात घेतलं.

अशा या माणसाला एका रविवारी सकाळी, दूध आणायला जाताना, गेटजवळच्या गटारात गोल्फची काठी सापडली.

गोल्फची काठी! आणि भांडुपात! चिंदरकरांनी गोल्फ पाहिला होता तो फक्त मासिकातल्या सिगारेटच्या जाहिरातीत. पण काठी त्यांनी लगेच ओळखली. लांबलचक चकचकीत दांडा, टोकाला वाकडं लोखंडी पाऊल आणि त्यावर कोरलेला सात आकडा. कांजूरच्या पलीकडे कुठल्याशा कंपनीनं आपल्या साहेबांसाठी गोल्फचं मैदान केलंय, हे त्यांच्या कानावर होतं. म्हणजे काठी नक्की कुणातरी बड्या साहेबाची! मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली होती, ती त्यांनी साहेबी फॅशन मानली. मुठीच्या खाली दातांच्या खुणा होत्या, त्यावरून हरल्यावर साहेब फार चिडत असणार, असं अनुमान काढलं.

काठी नळाखाली धुऊन ते घरात आले, तेव्हा त्यांच्या पत्नी वनमालाबाई स्टुलावर उभ्या होत्या. छताजवळच्या दोरीवर ओली साडी टाकायचा त्यांचा तिसरा प्रयत्न चालला होता. कपडे वाळत घालायची बांबूची काठी महिन्यापूर्वी चिरली होती आणि त्यांचा उजवा खांदा तर त्याआधीच धरला होता. त्यांनी नवऱ्याच्या हातातली वस्तू पाहिली, खाली उतरल्या, ती काढून घेतली, वाकड्या टोकावर साडी घेतली आणि एका झटक्यात दोरीवर पसरली. खांदा हललासुद्धा नाही!

वनमालाबाई हसल्या. महिन्याभरात पहिल्यांदाच हसल्या. चिंदरकरांना फार बरं वाटलं आणि लगेच धडकीही भरली.

"अगं, ती आपली नाही."

"मालक येईस्तोवर आपली."

"आला की द्यायची हं!"

"येऊ दे तर खरा," असं म्हणून वनमालाबाईंनी काठी समोरच्या खिळ्याला टांगून टाकली.

चिंदरकरांनी तडक खडू घेतला आणि खालच्या फळ्यावर लिहिलं, 'एक वस्तू सापडली आहे. ज्याची असेल त्याने खूण सांगून घेऊन जावी. वस्तू कोणती हे विचारू नये. हुकमावरून, सेक्रेटरी.'

"अहो, वस्तू कुठली ता लिवूक नको?" चिडल्या की वनमालाबाई मालवणीवर यायच्या.

"लिहिलं तर कुणीही उठेल नि माझी म्हणेल! खऱ्या मालकाला बरोबर कळतं."

खऱ्या मालकाला कळेना, पण बाकी सगळ्यांना कळलं. दुसऱ्या मजल्यावरचा दशरथ सर्वांत आधी हजर झाला.

"माझी छत्री ना?"

"खूण सांगा."

"काळी आहे."

"नाही."

"बरं, मग आमच्या कुकरची शिट्टी?"

"नाही! आणि एका माणसाला एकच वस्तू!"

दशरथ हिरमुसला. वर बघत म्हणाला, "वहिनी, काठी मात्र झकास हां! कुठून आणलीत?"

"ह्यांनी आणली," वनमालाबाई शांतपणे म्हणाल्या. चिंदरकरांना चहाचा ठसका लागला.

मग सुगंधाबाई आल्या. त्यांची मोत्याची कुडी गणपतीत हरवली होती. मग प्रेमाबाई आल्या आणि इकडे तिकडे बघत कानाशी पुटपुटल्या, "सासूबाईंची कवळी तर नाही ना? पंधरा दिवस पेजेवर आहेत हो! पण कुणाला बोलू नका." सगळे नेमके काठीखाली बसायचे आणि कुणाच्या ना कुणाच्या डोक्यावर दोरीवरच्या ओल्या टॉवेलाचं पाणी ठिबकायचं. वस्तू डोळ्यांसमोर लोंबत होती, पण ती वस्तू म्हणून कुणी बघतच नव्हतं.

बुधवारपर्यंत सोसायटीनं निष्कर्ष काढला. चिंदरकर तोंड उघडत नाहीत, म्हणजे सोनंच! गुरुवारी त्या सोन्याची बिस्किटं झाली आणि शुक्रवारी बिस्किटांची पेटी. शनिवारी गच्चीवर तातडीची सभा भरली.

"वस्तू दाखवा!"

"दाखवली तर खूण फुटेल!"

"आम्हाला तुमचा भरवसा नाही!" दशरथ ओरडला. "उद्या दहा वाजता वस्तू दाखवा, नाहीतर राजीनामा द्या!"

एवढ्यावर थांबले असते तर ठीक होतं. पण कुणीतरी चौकीवर वर्दी दिली आणि संध्याकाळी लवू हवालदार दारात उभे!

"काय सापडलंय, बोला!"

"तुमचं काही हरवलंय का?" चिंदरकरांनी विचारलं.

"माझं? नाय."

"मग तुम्हाला सांगता येणार नाही. नियम म्हणजे नियम."

हवालदारांच्या उभ्या नोकरीत असं उत्तर त्यांना कुणी दिलं नव्हतं. त्यांनी कपाट उघडलं, गाद्या उलटल्या, तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला. खाटेखाली हात पोचेना, तेव्हा त्यांनी खिळ्यावरची काठी काढली आणि तिनंच खाटेखाली ढोसून ढोसून पाहिलं. एक जुनी चप्पल निघाली. काठी परत खिळ्याला लावून, चहा पिऊन हवालदार निघून गेले.

त्या दिवशी चिंदरकर नीट जेवले नाहीत. "अकरा वर्षं झाली गं सेक्रेटरी होऊन," ते म्हणाले, "आजवर कुणी चोर म्हटलं नव्हतं." त्यांचा आवाज खरोखरच कापत होता. वनमालाबाईंनी त्यांच्या ताटात आमटी वाढली आणि प्रथमच काठीकडे जरा रागानं पाहिलं.

रविवारी दहा वाजता सगळी सोसायटी आवारात जमली. चिंदरकर राजीनाम्याचा कागद घेऊन उतरले. तेवढ्यात सायकलची घंटी वाजली आणि गेटातून बॅप्टिस्ट आत आला. बॅप्टिस्ट म्हणजे कांजूर गावातला अंडीवाला. दर रविवारी सायकलला टोपली बांधून तो यायचा. गर्दी पाहून तो थबकला आणि त्यानं फळा वाचला.

"सेक्रेटरीसायब, ही वस्तू माझी तर नाय? मागच्या रविवारी पहाटे तुमच्या गेटवर सायकलवरनं पडली. काठी! लोखंडावर सात आकडा, मुठीला ट्यूबची पट्टी. कुत्री हाकायला ठेवतो मी."

चिंदरकरांच्या अंगावर रोमांच उभे राहिले.

"आणखी खूण?"

"मुठीखाली दात उमटलेत. तुमच्याच काळूचे."

दुसरा कुणी असता तर त्यानं एवढ्यावर समाधान मानलं असतं. पण चिंदरकर धावत वर गेले, काठी आणली आणि म्हणाले, "काळूला हजर करा!"

काळू कुत्रा जिन्याशी ऊन खात पडला होता. त्यानं काठी पाहिली मात्र, शेपूट पायांत घालून केकाटत तो जिन्याखाली घुसला! दशरथनं त्याला मागच्या पायांना धरून ओढून काढलं, तेव्हा त्याच्यासोबत एक कवळीही बाहेर आली.

"अगो बाई, सासूबाईंची!" प्रेमाबाई आनंदानं किंचाळल्या आणि पंधरा दिवसांचं गुपित सोळा बिऱ्हाडांत फुटलं.

"साक्ष पटली!" चिंदरकरांनी जाहीर केलं. टाळ्या पडल्या. सुगंधाबाईंनी डोळे पुसले. दशरथनं राजीनाम्याचा कागद फाडला आणि चिंदरकरांची जाहीर माफी मागितली. चिंदरकरांनी छोटंसं, म्हणजे वीस मिनिटांचं भाषण करून काठी बॅप्टिस्टच्या हाती दिली. बक्षीस म्हणून त्यानं पुढे केलेली सहा अंडीही तत्त्व म्हणून नाकारली. वरच्या खिडकीतून वनमालाबाई हे सगळं पाहत होत्या. त्यातही अंडी नाकारताना तर फारच निरखून पाहत होत्या.

गर्दी पांगल्यावर चिंदरकरांनी कौतुकानं विचारलं, "बॅप्टिस्ट, तुम्ही गोल्फ कधीपासून खेळता?"

"मी? गोल्फ?" बॅप्टिस्ट हसायलाच लागला. "अरे बाबा, ही मला सापडली! मैदानाला लागून माझी चिंच हाय ना? एका सायबाचा चेंडू तळ्यात गेला. सायब लालबुंद! काठी गरागरा फिरवली नि दिली भिरकावून, ती बसली चिंचेवर. दोन वर्षं झाली."

"मग परत नाही दिलीत?" चिंदरकरांनी विचारलं.

"देणारच होतो! मी पण तुझ्यासारखाच हाय, दुसऱ्याची वस्तू नको. पण आधी घरी बायकोला, अँजेलिनाला विचारलं. ती बोलली, त्याला पायजे असती तर फेकली असती काय? ठेव!" बॅप्टिस्टनं काठी सायकलला बांधली. "तू वहिनीला नाय विचारलंस?"

चिंदरकरांनी वर खिडकीत पाहिलं. खिडकी बंद झाली होती.

घरात ओल्या कपड्यांची बादली मधोमध ठेवलेली होती आणि तिच्या शेजारी स्टूल. वनमालाबाईंनी नुसतं बोट दाखवलं. त्या दिवसापासून सोसायटीचे सेक्रेटरी रोज सकाळी स्टुलावर चढून कपडे वाळत घालू लागले.

आणि दर रविवारी ते कांजूरपर्यंत फिरायला जाऊ लागले. तब्येतीसाठी, असं ते सांगत. प्रत्यक्षात मैदानाच्या भिंतीबाहेर बॅप्टिस्टच्या चिंचेखाली तासभर उभे राहत. आत एखादा साहेब इंग्रजीत शिव्या देऊ लागला, की त्यांचा चेहरा खुलायचा आणि ते आशेनं वर बघायचे.

चौथ्या रविवारी वरून खरंच काहीतरी आलं. काठी नव्हे, चेंडू! तो थेट चिंदरकरांच्या कपाळावर आदळला. ते लिंबाएवढं टेंगूळ घेऊन घरी परतले. या वेळी फळ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. चेंडू निमूटपणे वनमालाबाईंच्या पुढ्यात ठेवला आणि विचारलं, "काय करू याचं?"

वनमालाबाईंनी आधी चेंडूकडे पाहिलं, मग टेंगळाकडे.

"ठेवा तो," त्या म्हणाल्या. "खूण तुमच्याच कपाळार आसा!"