व्यंकोजीअण्णांची दुसरी बॉडी

सुरुवातीलाच माफी मागतो. कुणावर काही लिहावं एवढा माझा अधिकार नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि कॉलेजातही मी सर्किटांबद्दल लिहितो, माणसांबद्दल नाही. शाळेत माझ्या निबंधांवर गुरुजी 'ठीक' एवढाच शेरा द्यायचे. पण परवा एक बातमी आली. ती ज्यांना सांगितली त्यांना आधी अण्णा कोण हे सांगावं लागलं, आणि दर वेळी त्यातच इतका वेळ गेला की मूळ बातमी राहूनच गेली. म्हणून लिहून ठेवतो. चुकलं तर सांभाळून घ्यावं.

व्यंकोजीअण्णा कॅमेऱ्याच्या दुकानात शिरले की आधी उजवा हात पाठीमागे नेऊन शर्टाच्या आत खोचायचे. मग डावा हात काउंटरवर ठेवून म्हणायचे, "दाखवा." दुकानदार कॅमेरा पुढे करायचा. अण्णा तो डाव्या हातात घ्यायचे, अंगठा इकडून, बोटं तिकडून वळवून बटणापर्यंत पोचायची धडपड करायचे, घामाघूम व्हायचे आणि शेवटी कॅमेरा खाली ठेवून म्हणायचे, "चांगला आहे. पण सरी नाही." 'सरी' म्हणजे कन्नडमध्ये बरोबर, ठीक. अण्णांच्या मराठीत असे शब्द इतके मुरलेले होते की ते कन्नड आहेत हे त्यांनाही आठवत नसावं.

मी कॉलेजसाठी कन्नड मुलखात येऊन बनशंकरीत त्यांच्या गच्चीवरच्या खोलीत भाड्यानं राहत होतो. उदगीरकडून बॅग घेऊन आलो त्या दिवशी त्यांनी विचारलं, "कसा आलास?"

"बसनं."

"आम्ही घोड्यावरून आलो. साडेतीनशे वर्षं झाली." मग गल्लीत दाटीवाटीनं लागलेल्या मोटारींकडे बघत म्हणाले, "अजून घोडा बांधायला जागा मिळाली नाही."

अण्णा लग्नाचे फोटोग्राफर. वय चौसष्टच्या आसपास, पांढरा शर्ट, आणि कपाळावर मधोमध एक कायमचा खड्डा. तो कॅमेरा टेकवून टेकवून पडलाय असं ते सांगायचे. मला ते 'इंजिनेर' म्हणायचे. माझी अजून दोन वर्षं बाकी होती, पण त्यांना ते मान्य नव्हतं. "मुहूर्ताच्या आधीपण नवऱ्याला नवराच म्हणतात ना? मग."

त्यांच्याकडे एकच कॅमेरा होता आणि दुसरी बॉडी घ्यायची होती. भिंग काढल्यावर जो कॅमेरा उरतो त्याला हे लोक बॉडी म्हणतात. लग्नाच्या कामाला दोन लागतात हे मला अण्णांनीच शिकवलं. एक बंद पडली तर दुसरी हवी, हे कुणीही सांगेल. अण्णांचं कारण वेगळं होतं.

"अंतरपाट बघितलास कां? पडदा खाली येतो तेव्हा चेहरे दोन असतात. नवरी त्याला बघते, नवरा तिला बघतो. एकाच क्षणाला. नवरीच्या पाठीमागे उभा राहिलास तर नवऱ्याचा चेहरा मिळतो. नवरीचा पाहिजे तर नवऱ्याच्या पाठीमागे जायला पाहिजे. तोपर्यंत अक्षता पडतात, सनई वाजते, दोघं भटजीकडे बघायला लागतात. आयतु. संपलं."

गेल्या सहा वर्षांच्या अल्बमांत त्या पानावर फक्त नवरे होते. हसणारे, घाबरलेले, एक तर चक्क जांभई देणारा. नवरी एकही नाही. लोक म्हणायचे, दुसरा फोटोग्राफर बोलवा. अण्णा म्हणायचे, "समोर कोण उभा आहे हे बघायला नको कां?" मला हे काही कळायचं नाही. पण मी फार विचारणारा मुलगा नाही.

तर, दुसरी बॉडी. सहा वर्षं अण्णा ती निवडत होते. कोरमंगल्यापासून बेळ्ळंदूरपर्यंत कॅमेऱ्याचं एक दुकान सोडलं नव्हतं. काही दुकानांत ते खिशातून डबी काढून अक्षता काढत आणि कॅमेऱ्यावर टाकून बघत. "आत शिरल्या की संपलं. मांडवात कुणी तुझा कॅमेरा बघून टाकत नाही." एका दुकानदारानं तांदळाचा दाणा बटणाखालून चिमट्यानं काढला आणि आम्हाला परत येऊ नका असं फार सभ्यपणे सांगितलं. आवाज न करणारे नवे कॅमेरे आले तेव्हा तर अण्णा हतबुद्धच झाले. "आवाजच नाही? मग नवरीला कळणार कसं, श्वास सोडायचा कधी ते?"

मी आलो तेव्हा हे काम माझ्याकडे आलं. नेटवरची इंग्रजी परीक्षणं वाचायची आणि त्यांना मराठीत सांगायची. मी मन लावून तक्ता केला. वजन, बॅटरी, अंधारात कसा चालतो, सगळे रकाने आखले. अण्णांनी चष्मा लावून तो वाचला. म्हणाले, "छान आहे. एक रकाना वाढव. डावा."

"डावा म्हणजे?"

"डाव्या हाताला जमतो की नाही."

मी रकाना वाढवला आणि शोधायला बसलो. बटण उजवीकडे नाही अशी बॉडी मला एकही सापडली नाही. अठरा कॅमेऱ्यांपुढे मी अठरा वेळा 'नाही' लिहिलं. अण्णांनी तक्ता घडी करून देवाजवळ ठेवला. म्हणाले, "स्वल्प थांबू. पुढच्या वर्षी काढतील."

पण थांबायला वेळ उरला नाही. शेजारच्या गल्लीतल्या पद्मावतीबाईंच्या मुलीचं लग्न ठरलं. त्या स्वतःच्या लग्नाचा अल्बम काखेत मारून आल्या. तो अण्णांच्याच स्टुडिओचा होता. अंतरपाटाच्या पानावर डावीकडे नवरी, उजवीकडे नवरा, दोघं एकमेकांकडे बघत होते.

"अण्णा, माझे दोन्ही आहेत. पोरीचेपण दोन्ही पाहिजेत. दोन कॅमेरे घेऊन या. नाहीतर वाईट वाटून घेऊ नका, मी दुसरीकडे सांगते."

अण्णांनी तो फोटो बराच वेळ बघितला. मग म्हणाले, "दोन आणतो."

त्यानंतरच्या शनिवारी आम्ही एका नव्या दुकानात गेलो. काउंटरवर एक तरुण मुलगी होती. अण्णांनी हात शर्टात खोचला, डाव्या हाताची कसरत सुरू केली. तिनं जरा वेळ बघितलं आणि हळूच विचारलं, "सर, उजव्या हाताला काही झालंय का?"

अण्णा म्हणाले, "माझ्या नाही."

परत येताना बसमध्ये खिडकीबाहेर बघत त्यांनी सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

मला वाटत होतं, अण्णांची बायको वारलेली असणार. फोटोग्राफरच्या घरात बायकोचा एकही फोटो नाही, आणि दाराजवळ खिळ्याला कॅमेऱ्याचा एक पट्टा, शेवटच्या भोकापर्यंत आखूड केलेला. पण फोटो नव्हता कारण त्यांची बायको, रुक्माक्का, कायम कॅमेऱ्यामागे असायच्या. तीस वर्षं दुसरी बॉडी त्यांच्या हातात होती. अंतरपाटाला अण्णा नवरीच्या पाठीमागे आणि अक्का नवऱ्याच्या पाठीमागे, समोरासमोर.

"पडदा खाली आला की ते दोघं एकमेकांना बघतात," अण्णा म्हणाले, "आणि त्यांच्या खांद्यावरून आम्ही दोघं. रोज बघतो तरीपण."

सहा वर्षांपूर्वी एका मांडवात अक्कांच्या हातातून कॅमेरा पडला.

"मला वाटलं, घसरला. मी रागावलो. धावत गेलो, कॅमेरा उचलला, भिंग फुटलं कां बघितलं, पुसलं. मग तिच्याकडे बघितलं." बस एका सिग्नलला बराच वेळ उभी राहिली. "आधी कॅमेरा उचलला रे मी."

अक्कांची उजवी बाजू गेली होती. पाय सुधारला, हात नाही. तेव्हापासून त्या होसूरला भावाकडे होत्या. अण्णा दर रविवारी सकाळी डबा घेऊन कुठे जातात ते मला तेव्हा कळलं. दर रविवारी ते विचारत, घरी येतेस कां? अक्का म्हणत, "एका हातानं तिथं येऊन काय करू? मांडवात पाहुणी म्हणून बसू?" यावर अण्णांना सहा वर्षांत उत्तर सुचलं नव्हतं. ते उत्तर ते दुकानादुकानांतून शोधत होते.

मी त्या आठवड्यात अभ्यास बाजूला ठेवला. तक्त्यातली सगळ्यांत हलकी, लहान मुठीची बॉडी अण्णांनी घेतली, आणि मी कॉलेजच्या लॅबमध्ये बसून तिला लांब वायर आणि टोकाला एक बटण जोडलं. बटण डाव्या हातात धरायचं, कॅमेरा स्टँडवर. माझ्या आयुष्यात मी केलेली ही पहिली उपयोगाची वस्तू होती, आणि मला तिचा थोडा गर्व झाला होता.

रविवारी होसूरला गेलो. अक्का ओट्यावर बसल्या होत्या. लहानखुऱ्या, डोळे मात्र असे की आपण नीट उभे आहोत ना असं वाटावं. मी सगळं जोडून दाखवलं. त्यांनी वायरकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"कॅमेऱ्याला सलाईन लावलंय कां?"

"नाही अक्का, ते स्टँडवर ठेवून..."

"स्टँड घेऊन नवऱ्याच्या मागे पळू? नवरा पडेल." त्यांनी वायर उपटली. डाव्या हातात बॉडी घेतली, वजन बघितलं, जरा वेळ मनगटात फिरवत राहिल्या. आणि मग ती सरळ उलटी केली. वरचं खाली, खालचं वर. मूठ आपोआप डावीकडे आली, बटण खाली, त्यांच्या अंगठ्यापाशी. कोपर पोटाशी टेकवून त्यांनी डोळा लावला आणि अण्णांचा एक फोटो काढला.

अण्णांचं तोंड उघडंच होतं. सहा वर्षं, सगळी दुकानं, माझा अठरा कॅमेऱ्यांचा तक्ता. प्रत्येक दुकानात कॅमेरा डाव्या हातात घेतला होता, पण सुलटाच.

"उलटा येणार फोटो," अण्णा कसंबसं म्हणाले.

"मग सुलटा करून घे. बसून काय करतोस दिवसभर?"

आम्हाला वाटलं, आता त्या बरोबर निघतील. पण अक्कांनी कॅमेरा मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, "ठेवून जा. बघते." अण्णांनी हळूच विचारलं, "पद्माच्या पोरीच्या लग्नाला?" त्या म्हणाल्या, "बघते म्हटलं ना."

त्यानंतर चार दिवसांनी मला ट्रेनिंगसाठी पुण्याला यावं लागलं. निघताना मी खिळ्याकडे बघितलं. आखूड पट्टा तिथंच होता.

इथं नवीन मुलांबरोबर राहतो. सगळं बरं आहे. पण संध्याकाळी कुणी 'इंजिनेर' म्हणून हाक मारत नाही, आणि अण्णांच्या करपलेल्या उप्पिटाचा वास येत नाही. लग्नाचा दिवस मला पाठ होता. त्या दिवशी मी सकाळपासून फोन खिशात ठेवलाच नाही, समोर टेबलावर ठेवला. दिवस गेला. दुसरा गेला. फोन करायचं धाडस झालं नाही. अक्का आल्या नाहीत, पद्मावतीबाईंनी दुसरीकडे सांगितलं, हे ऐकायचं नव्हतं.

परवा दुपारी अण्णांकडून एक फोटो आला. उलटा. मी फोन उलटा केला तर फोटो पुन्हा उलटा झाला. शेवटी फोन टेबलावर सपाट ठेवून मीच पलीकडच्या बाजूला जाऊन बघितलं.

अंतरपाट खाली आलेला. हवेत अक्षता. नवरीचा चेहरा अगदी स्पष्ट, ओठ किंचित उघडे. आणि तिच्या खांद्यामागे पांढऱ्या शर्टातले अण्णा. कॅमेरा छातीपाशी खाली घेतलेला, दोन्ही हातांत नुसता धरलेला. ते नवऱ्याकडे बघत नव्हते, त्याच्या खांद्यावरून मागे बघत होते.

खाली त्यांनी लिहिलं होतं, "अक्का घरी आली. नवरीचा आला, नवऱ्याचा राहिला. पद्मा रागावली आहे. बॉडीचा दोष नाही."