नानांचं अनुमोदन

आमच्या युसूफ वडगावात कुणी काहीही सुचवलं, की भानुदासनानांचा उजवा हात वर जातो आणि पाठोपाठ खणखणीत आवाज येतो, "अनुमोदन!" लग्नात मुलीचा बाप म्हणाला, "पाहुण्यांना आणखी बुंदी वाढा," की नाना उभे. दहाव्याला कुणी म्हणालं, "गेलेल्याला स्वर्ग मिळो," की मात्र त्यांची पंचाईत होते, कारण नाना पडले लाल बावट्याचे, देवधर्म न मानणारे. पण त्यावरही त्यांनी तोड काढली आहे. "स्वर्गाला आपला विरोध हाय. गेलेल्याला अनुमोदन!"

ही खोड पक्षाने लावली. त्यांच्या सभेत एकाने नाव सुचवायचं, दुसऱ्याने अनुमोदन द्यायचं. दुसरा मिळाला नाही तर नाव तिथेच पडतं. हा दुसरा माणूस कायम नानाच. मी एकदा विचारलं, "नाना, कावून कुणाच्याही मागं हात वर करता?"

"ऐक बे," ते म्हणाले, "नाव घेतल्यावर सभा गप ऱ्हायली, की त्या माणसाचं तोंड बघवत न्हाई."

घरातही तोच कारभार. आमची भिंत एकच, त्यामुळे सगळं ऐकू यायचं. नाना ओसरीवरून म्हणायचे, "चहा करावा, असा ठराव मांडतो." चुलीपाशी बसलेल्या कौसाकाकू ओरडायच्या, "अनुमोदन! पर साखर न्हाई."

कौसाकाकू गेल्या, आणि पुढच्याच वर्षी पाऊसही गेला. त्या दुष्काळात नानांनी पक्षाच्या तालुका सचिवपदाला उभं राहायचं ठरवलं. समोर केजचे एक प्राध्यापक होते. "पद मिळालं न्हाई तरी चालंल," नाना मला म्हणाले. "पर एकदा आपलं नाव दुसऱ्यानं घ्यावं, आन तिसऱ्यानं व्हय म्हणावं. बास." जुने सोबती जनावरं घेऊन चारा छावण्यांत मुक्कामाला होते. नानांनी उन्हातान्हात सगळ्या छावण्या पालथ्या घातल्या. जो तो म्हणाला, "नाना, तुमाला न्हाई म्हणू व्हय?" स्वारी खुशीत परतली आणि सदरा इस्त्रीला टाकून आली.

सभा दूध सोसायटीच्या हॉलमध्ये भरली. दूधच नव्हतं, त्यामुळे हॉल रिकामाच होता. मी सोसायटीचा कारकून, किल्ली माझ्याकडे, म्हणून दारात बसलो. नानांचे दोस्त, पंक्चरवाले रशीदभाई उठले. "आपले भानुदासनाना. सचिवपदासाठी त्यांचं नाव मी सुचवतो."

"अनुमोदन?" अध्यक्षांनी विचारलं.

सभा गप्प. वैर कुणाचंच नव्हतं हो. अनुमोदन म्हटलं की ते नाना देतात, एवढीच सवय सगळ्यांच्या अंगात मुरली होती. जो तो नानांकडेच बघत बसला. मी पडलो बिनसभासद, मला तोंड उघडायची सोय नव्हती. आणि सवय काय, नानांनाही होतीच. त्यांचा हात वर गेला.

"अनुमोदन!"

अख्खा हॉल हसला. नानाही हसले, पण हात खाली घ्यायचं विसरले. अध्यक्ष म्हणाले, "नाना, सोताला सोताचं चालत न्हाई." तेव्हा कुठे सगळ्यांची ट्यूब पेटली आणि चारदोन जण धडपडत उठले. "आमचं हाय, आमचं हाय!"

"बसा," नाना म्हणाले. "मागून दिलेलं नगं. ती दया झाली. माझं नाव मी माघारी घेतो."

मग प्राध्यापकांचं नाव आलं. पुन्हा सभा गप्प झाली, कारण आता हात कुणी वर करावा हेच कुणाला कळेना. प्राध्यापकांचं तोंड उतरायला लागलं. नानांनी ते पाहिलं आणि हात वर केला. आवाज मात्र खणखणीत नव्हता.

संध्याकाळी मी अंगणात बसलो होतो. पलीकडे ओसरीवर नाना एकटेच होते. थोड्या वेळाने आवाज आला, "चहा करावा, असा ठराव मांडतो."

मग बराच वेळ काहीच नाही. मी घरी नसताना हे ते रोजच म्हणत असतील का, असं मनात आलं. मी भिंतीपाशी गेलो आणि जमेल तेवढ्या मोठ्याने ओरडलो, "अनुमोदन!"

पलीकडे भांडं वाजलं.

"ये बे," नाना म्हणाले. "येताना तांब्याभर पाणी आण. आपल्या गल्लीला टँकर आला न्हाई, हे तुला ठाऊक हायच. मग उगंच दोन घरी चहा कशाला, एकाच घरात करू."

माझ्या रांजणाच्याही तळाशीच पाणी होतं. मी तांब्या काठोकाठ भरला आणि निघालो.