नमुन्याचे पान

शालेय कोशाचे काम ‘ग्रो’ या इंग्रजी शब्दापाशी येऊन तुंबले होते आणि प्रकाशनाचे मालक सारखे दारातून डोकावत होते.

“बेबीताई, झालं का?”

“होतंय.”

“होतंय होतंय म्हणेपर्यंत मुलं शाळा सोडून नोकरीला लागतील. उद्या पान छापायला गेलंच पाहिजे.”

बेबीने चाळिशी ओलांडली होती. पण तिच्या वडिलांनी याच कचेरीत, याच खुर्चीवर बसून जन्मभर कोश केले होते, त्यामुळे तिचे घरातले नाव तिच्या आधीच कचेरीत पोचले होते. चार महिन्यांपूर्वी वडील गेले. कोश अर्धा राहिला. उरलेला अर्धा तिच्याकडे आला आणि खुर्चीही आली. खुर्ची तिला मोठी होत होती.

शब्दाचे अर्थ लिहिणे सोपे होते. जीव खायची ती अर्थाखालची वाक्ये. बाबांची त्यासाठी एक पद्धत होती. आधी घरातल्या खऱ्या माणसावर खरे वाक्य लिहायचे आणि पान छापायला देण्यापूर्वी माणूस बदलायचा. “खोट्या माणसावर लिहिलं की वाक्य मेलेलं निघतं,” असे ते म्हणत. त्यामुळे कधीच्या गेलेल्या आईचा संताप आजवरच्या कोशांतून शेजारीणबाईंच्या नावावर जमा होता, आणि गणितात बेबीने लावलेले दिवे ‘एका मुलाने’ लावले होते.

ती पेन उचलणार तेवढ्यात फोन वाजला. काका होते. बाबांचे हे धाकटे भाऊ बाबा गेले तेव्हा आले आणि तिच्याकडेच राहिले होते.

“बेबी, गॅसचा लायटर कुठं असतो?”

“गॅसपाशी, काका.”

“गॅसपाशी आहेच. पण मी काल तो कपाटात ठेवला होता.”

“मग मिळाला ना?”

“मिळाला. पण कपाटातून तिथं आला कसा, ते सांग.”

बेबीने फोन ठेवला आणि तिच्या हातातून वाक्ये भराभर उतरू लागली.

आकाराने वाढणे: राहायला आल्यापासून काकांचे पोट वाढले आहे.

रोप लावणे: काका आमच्या चहाच्या कपांत मिरच्या लावतात, आम्ही चहा वाटीतून पितो.

केस, दाढी राखणे: काकांनी दाढी वाढवली, पण हनुवटीने साथ दिली नाही.

हळूहळू तसे होत जाणे: काका दिवसेंदिवस कंटाळवाणे होत चालले आहेत.

समज येणे: काका, आता तरी मोठे व्हा!

बाबा गेल्यापासून तिला इतके सलग काही सुचले नव्हते. आता फक्त काकांच्या जागी कोणी शेजारी बसवायचा होता. तेवढ्यात पुन्हा फोन वाजला.

“बेबी, मी दाराबाहेर आहे आणि घराची एकुलती एक किल्ली आत आहे.”

“बाहेर कशाला गेलात?”

“दार बाहेरून नीट लागतं की नाही, ते बघायला.”

“मग?”

“छान लागतं.”

ती पान टेबलावर तसेच टाकून धावली. कुलूप तोडावे लागले. दुसऱ्या दिवशी नवे कुलूप बसवणारा माणूस ‘निघालोच’ म्हणत संध्याकाळी उगवला, आणि बेबीची रजा दारात बसून संपली. इकडे कचेरीत प्रुफे तपासणाऱ्या बाईंना टेबलावर पान मिळाले. त्यांनी काना-मात्रा तपासल्या, एक स्वल्पविराम वाढवला आणि पान मालकांच्या हाती दिले. मालक ते वाचून इतके हसले की चष्मा पुसावा लागला. “हेच नमुन्याचं पान!” ते म्हणाले. “शब्दही कसा आहे बघा, वाढीचा!”

यातले काहीच बेबीला ठाऊक नव्हते. तिला एवढेच कळले की पान वेळेवर गेले. बाईंनी शेजारी घातलाच असेल, असे ती धरून चालली. बाई इतकी वर्षे ते काम करत होत्या. पण त्या फक्त शुद्धलेखन बघत. माणसे बदलायचे काम बाबाच करत, हे तिच्या ध्यानातच आले नाही.

रविवारी शिक्षकांचा मेळावा होता. कोशाची ओळख व्हावी आणि जाता जाता बाबांची आठवणही व्हावी, असा मालकांचा बेत होता. बाबांच्या वतीने सत्कार घ्यायला काकांना बोलावले होते. काकांनी बाबांचा कोट घातला होता. तो पोटावर येऊन थांबत होता, म्हणून त्यांनी बटणांचा नाद सोडला होता.

बेबी सभागृहात शिरली आणि तिथेच थिजली. व्यासपीठामागे भिंतभर नमुन्याचे पान टांगले होते. ‘काका’ ही अक्षरे शेवटच्या रांगेतूनही वाचता येतील एवढी मोठी होती.

तिने आधी फुलदाणीचे उंच स्टँड ओढून पानापुढे नेले. त्याने जेमतेम पोट झाकले. माइकवाल्याने ते मुकाट्याने जागेवर आणून ठेवले. मग ती स्वतःच जाऊन पानापुढे उभी राहिली. ती डावीकडे सरकली की दाढी दिसे, उजवीकडे सरकली की मिरच्या.

“बेबीताई, लाजताय काय एवढ्या?” मालक माइकवरून म्हणाले. “बाजूला व्हा, लोकांना वाचू दे! की असं करू या? आपल्या पाहुण्यांचा आवाज खणखणीत आहे. त्यांनाच वाचायची विनंती करू या.”

टाळ्या पडल्या. काका उठले, चष्मा चढवला आणि भिंतीकडे वळले.

पहिल्या वाक्याला लोक हसले, तसे काकाही खूश होऊन हसले. चहाचे कप आले आणि त्यांचा आवाज थबकला. त्यांनी हळूच मान वळवून बेबीकडे पाहिले. बेबी आपल्या चपलांकडे पाहत होती. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे तिला वाटले; पण फरशी पक्की होती. काकांचा हात आपोआप हनुवटीकडे गेला. पुढचे वाक्य नेमके दाढीचे होते. सभागृह फुटले.

काकांनी सगळे वाचले. एकही शब्द गाळला नाही. मग ते माइककडे वळले.

“मंडळी, हे काका म्हणजे मीच. आणि हे लिहिणारा माझा थोरला भाऊ. इतकं निरखून माझ्याकडे दुसरं कोण बघणार?”

टाळ्या थांबेनात. मालकांनी रुमालाने डोळे टिपले. “म्हणजे बेबीताईंनी ही बाबांच्या टिपणांतून उतरवली!” ते म्हणाले. “ही वाक्यं साहेबांचं शेवटचं लिखाण म्हणून प्रस्तावनेत नोंदवली जातील!”

बेबीला आता कोणाकडेच बघवेना. जिवंत माणसाची तिने भर सभेत टिंगल केली होती आणि ती गेलेल्या माणसाच्या नावावर चढली होती. बाबांनी जन्मात कोणाला असे टोचून लिहून तसेच सोडले नव्हते.

रिक्षात काकांनी मीटरवरून हुज्जतही घातली नाही. ही गोष्टच तिला सहन होईना. घरी आल्यावर काका थेट आतल्या खोलीत गेले. ती पाणी घेऊन गेली तेव्हा ते पलंगावर बॅग उघडून कपडे भरत होते.

हे कधीतरी जातील, अशी वाट तिने चार महिने पाहिली होती. आता बॅग समोर होती आणि ती पेला घेऊन दारातच उभी होती. उद्या संध्याकाळी कुलूप उघडून आत यायचे आणि आत कोणीच नसायचे.

“काका, ती वाक्यं बाबांची नाहीत.”

“माहीत आहे.”

“कसं?”

“अगं, दादा मला काका कशाला म्हणेल?” काकांनी शर्टाची घडी घातली. “मी त्याचा भाऊ. सभागृह भरून मास्तर बसले होते, एकाच्या डोक्यात आलं नाही. तुझे मालक तर रडले.”

बेबीच्याही डोक्यात आले नव्हते. नात्यांचे शब्द तिने मागच्याच महिन्यात तपासले होते.

“मग तुम्ही खोटं का बोललात?”

“तुझ्या नावावर गेलं असतं तर लोक म्हणाले असते, पोरीनं घरातल्या म्हाताऱ्याची अब्रू चव्हाट्यावर आणली. दादाच्या नावावर गेल्याबरोबर तेच प्रेम झालं. मेलेल्या माणसाला कोण रागावतं?”

“चुकलं माझं, काका. मी नाव बदलणार होते. उद्या मालकांना सगळं सांगते. ते सगळं काढून टाकते.”

“काढू नकोस. फक्त एक दुरुस्त कर.” काका पलंगावर टेकले. “ते चौथं. दिवसेंदिवस कंटाळवाणे होत चालले आहेत, म्हणजे आधी नव्हतो असं होतं. साफ चूक. मी पहिल्यापासून असाच आहे. हा अर्थ माझ्यावर बसत नाही. खोटं वाटत असेल तर दादाला विचा—”

ते थांबले. दोघांनीही एकमेकांकडे पाहायचे टाळले.

मग बेबीने पेला खाली ठेवला. बॅगेत हात घालून तिने काकांचा टॉवेल बाहेर काढला आणि गॅलरीत जाऊन दोरीवर टाकला.

काका तिच्या मागोमाग आले.

“बेबी, टॉवेल असा घालतात का वाळत?” ते म्हणाले, आणि त्यांनी तो काढून उलटा घातला.