सिताराम वाढयाचे उंबरे

सिताराम वाढई, म्हणजे गावचा सुतार, माणसाच्या तोंडाकडे कधी पाहत नसे. रामराम घातला की त्याची नजर थेट तुमच्या पायांवर जायची. दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. इंझोरीच्या शाळेत मास्तर म्हणून रुजू होऊन मला आठवडाही झाला नव्हता, तोच या गृहस्थानं मला रस्त्यात अडवलं. "मास्तर, तुमचा डावा आंगठा जमिनीले घासून राह्यला. पडसान एखाद्या दिवशी." माझं नाव त्यानं महिन्याभरानं विचारलं.

गावातल्या एकाही म्हाताऱ्याला पडू द्यायचं नाही, असा विडा त्यानं उचलला होता. कुणी सांगितलं होतं, तर कुणीच नाही. पंगत उठली की हा दाराशी हजर. येणाऱ्याजाणाऱ्याला एकच सांगणं, "उचला. पाय उचला." पाटील गाडी धरायला जऊळक्याच्या स्टेशनावर गेले, तेव्हा यानं त्यांच्या न्हाणीतला गुळगुळीत दगड छिन्नीनं ठोकून खरबरीत करून ठेवला. पाटील परत आले आणि आंघोळीला बसले. पुढचं सांगत नाही, पण दोन दिवस ते उभ्यानंच बोलत होते.

म्हाताऱ्या काशीरावांना कमी दिसायचं, म्हणून त्यानं त्यांच्या बाजेपासून परसापर्यंत भिंतीच्या कडेनं दोर बांधून दिला. सुनेला वाटलं, वाढयानं कपडे वाळवायची सोय केली. दुसऱ्या दिवशी काशीराव दोर चाचपत परसात पोचले ते सुनेचं लुगडं गळ्यात घेऊनच. सिताराम म्हणाला, "पडले तर नाही ना?"

त्याचा खरा राग मात्र उंबऱ्यांवर होता. गंमत अशी, की गावातले निम्मे उंबरे त्यानंच बसवलेले. सागाचे, आठ बोटं उंच. तरुणपणी त्याची तीच ऐट होती. आता तोच करवत घेऊन दारोदार विचारत फिरे, "कापून देऊ का? फुकट कापतो." त्याच्या डोक्यावर परिणाम झाला, असं लोक खुशाल बोलत.

माझी भागीरथी आत्या तर त्याला दारात उभं करत नसे. आई गेल्यावर काही वर्षं आमच्या गावी येऊन राहून मला वाढवलं ते तिनं. मी इंझोरीला तिच्याच घरी राहत होतो. रोज सकाळी ती उंबरा धुऊन त्यावर हळदीकुंकवाची बोटं ओढायची.

"उंबरा म्हंजे लक्ष्मी हाय. तिच्यावर करवत चालवतं का तू?" ती म्हणायची. "आन् बसवला कोनं? तुनंच ना?"

"म्हनून तं सांगून राह्यलो, आत्याबाई. तुमचा गुडघा आता तेवढा उचलत नाही."

खरंच उचलत नव्हता. चौकट धरून, दोन्ही हातांनी लुगड्यासकट गुडघा उचलून ती दार ओलांडायची. उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. एका सकाळी हातात पाण्यानं भरलेली कळशी होती, चौकट धरायला हात मोकळा नव्हता. उंबऱ्यावर पाय देववेना, वरून नेववेना. ती कळशीसकट आडवी झाली. कोपरावर निभावलं, पण मी फार घाबरलो. तिला बाजेवर बसवलं आणि तडक सितारामाकडे गेलो.

त्याचं घर गावाच्या टोकाला. काम तो लिंबाखाली करायचा, घरात कुणाला नेत नसे. त्याची बायको गोदी विहिरीवर घसरून कंबरेतून गेली, अंथरुणाला खिळली, एवढं गावाला माहीत होतं. दारावर तरटाचा पडदा होता. मी सवयीनं पाय उंच उचलला आणि तोल जाता जाता वाचलो. खाली उंबराच नव्हता. चौकटीत दोन्ही बाजूंना नुसत्या रिकाम्या खाचा.

समोर बाजेवर गोदी पडली होती, दाराकडे तोंड करून. सिताराम तिचे पाय चोळत होता.

माझे पाय खाचांपाशी थबकलेत हे त्याच्या लक्षात आलं. "विहिरीवर नाही पडली ते, मास्तर," तो म्हणाला. "लोकाईले खोटं सांगतलं मी. इथंच पडली. गावाचे उंबरे आठ बोटं, तं वाढयाचा दहा पाह्यजे, असी मस्ती होती मले."

"पण मग हा काढला कशाला? त्या तर आता..." मी विचारलं.

"उठली एखाद्या दिवशी, तं आडवं काही नसावं," तो म्हणाला.

गोदी हसली. "कोंबड्या लय खूश हायेत पन."

घरी येऊन मी आत्याला सगळं सांगितलं. तिनं कोपर चोळलं. मग म्हणाली, "बलाव त्याले."

सिताराम आला. करवत बाजूला ठेवून त्यानं आधी उंबऱ्याला हात जोडले. आत्यानंही डोकं टेकवलं. "एक बोट ठेवतो," तो म्हणाला. "लक्ष्मीले बसाले तेवढं पुरे." कापून झालं, रंधा मारून झाला, कडा घासून गोल झाल्या. मग तो गुडघ्यांवर बसला आणि आत्याच्या पावलाखाली हात धरून राहिला.

आत्यानं रोजच्या सवयीनं दोन्ही हातांनी गुडघा धरला.

"नोका उचलू, आत्याबाई. आता तसंच या."

ती तशीच आली. अंगणात थांबली मात्र नाही, काठी घेऊन रस्त्याला लागली.

"कुठं निघाली?" मी विचारलं.

"गोदीकडे. तिच्या दारात उंबरा नाही म्हन्ते."

वळणापर्यंत सिताराम तिच्या पावलांकडे पाहत होता. मग त्यानं मान वर केली आणि पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे पाहिलं. त्याचे डोळे भरून आले होते.