टटलांचं घर ओढ्यापार

हायरम टटलचं घर शेजाऱ्याच्या जमिनीत उभं आहे, ही बातमी मोजणीदाराने साखळी गुंडाळता गुंडाळता दिली. हायरमची बायको लव्हायना तेव्हा दारात कोंबड्यांना मका टाकत होती. तिचा हात तसाच वर राहिला.

“म्हणजे कोंबड्याही गेल्या का आमच्या?”

“कोंबड्या तुमच्याच, बाई. त्या उभ्या आहेत ती जमीन ओबेड स्प्रॅगची.”

हद्द टेकडीच्या माथ्यावरून जाते, असं हायरम इतकी वर्षं धरून चालला होता. ती निघाली खालच्या ओढ्यातून. नांगरून काढलेलं शेत, गोठा, गवताची गंजी, सगळं ओढ्यापलीकडे त्याच्याच मालकीचं होतं. फक्त राहतं घर उतारावर, स्प्रॅगच्या बाजूला.

स्प्रॅग हा माणूस एकटा राहायचा, एकटा जेवायचा आणि एकटाच भांडायचाही सराव करायचा. त्याने लगेच न्यायाधीश गाठला. न्यायाधीशांनी निकाल दिला, की बर्फ वितळायच्या आत टटलने घर हलवावं, नाहीतर जमिनीबरोबर घरही स्प्रॅगचं.

आता, हायरमसारखा कष्टाळू माणूस अख्ख्या मिनेसोटात नव्हता. पण कुठल्याही कामाला तो गळ्याशी आल्याशिवाय हात लावत नसे. ख्रिसमस झाला, जानेवारी सरला. लव्हायनाने आठवण केली की तो म्हणे, “अगं, बर्फ कुठं पळून चाललंय?”

आणि एका सकाळी दक्षिणेकडून उबदार वारं सुटलं. छपरावरून टपटप पाणी गळायला लागलं.

“अहो,” लव्हायना म्हणाली, “निघालं बघा पळून.”

हायरम एका पायात बूट घालूनच टॉलेफकडे धावला. टॉलेफ नॉर्वेहून आलेला. बोलायला कंजूष, पण त्याची बैलं म्हणजे हत्ती. तो बैलं घेऊन आला, आणखी शेजारी पहारी घेऊन आले. घर फळ्यांचं, एका खोलीचं. दुपारपर्यंत त्यांनी ते उचलून टोकं तासलेल्या दोन लांब ओंडक्यांवर बसवलं. ओंडके बर्फावरून आणि गोठलेल्या ओढ्यावरून घसरत जातील, बैलं ओढतील, उतारावर मागून दोर धरायचे, असा बेत होता.

आत लव्हायनाची लोखंडी चूल पेटलेली होती. मदतीला आलेल्या माणसांना उपाशी पाठवायची त्या मुलखात रीत नाही. चुलीच्या भट्टीत पाव फुगत होते आणि काकवी घातलेल्या घेवड्याचं मोठं मडकं खदखदत होतं.

“अगं, घर हलवायचंय! चूल विझव!” हायरम खिडकीतून ओरडला.

“पाव अर्धे झालेत. तुम्ही हलवा, मी भाजते.”

“मग आईला तरी बाहेर काढ!”

हायरमची आई मेहिटाबेल झुलत्या खुर्चीत मोजा विणत बसली होती. ती म्हणाली, “गलबतातून आले, बैलगाडीतून आले, तेव्हा कुणी उतरवलं नाही मला. आता माझ्याच घरातून उतरू होय? चल हो पुढं.”

एवढ्यात दार उघडून ओबेड स्प्रॅग आत आला. आपल्या जमिनीतलं काही जात तर नाही ना, हे पाहायला तो सकाळपासून घराभोवती फिरत होता. त्याने चुलीखालच्या सपाट दगडाकडे बोट दाखवलं.

“हा दगड कुठून आणलात?”

“दारापुढचाच,” लव्हायना म्हणाली.

“म्हणजे माझा. दगड ठेवा, मग घर न्या.”

“अहो भाऊजी, त्यावर पेटलेली चूल आहे!”

“ते तुमचं तुम्ही बघा, वहिनी. मी माझ्या दगडावर बसतो.” आणि तो खरोखरच दगडाच्या मोकळ्या कडेवर, सरपणाशेजारी, ठाण मांडून बसला.

बाहेर बैलांनी जोर लावला. घर जागचं हलेना. सकाळी वितळलेलं पाणी सावलीत पुन्हा गोठून ओंडके जमिनीला चिकटले होते. माणसांनी पहारी लावल्या, टॉलेफने नॉर्वेच्या भाषेत बैलांना काहीतरी सांगितलं. बैलांनी ऐकलं, घराने ऐकलं नाही.

“गरम पाणी घालून बघा की!” लव्हायनाने चुलीवरची किटली बाहेर दिली. मग हंडा दिला. मग भांडी घासायचं पाणीही दिलं. हायरमने ते ओंडक्यांच्या कडेने ओतलं. बर्फ कडकड वाजलं, बैलांनी हिसका दिला आणि घर सुटलं. नको इतकं सुटलं. मागचा दोर तुटला, टॉलेफने जोत सोडून बैलं कशीबशी बाजूला घेतली आणि टटलांचं घर, धुराडं धूर सोडत, एखाद्या आगगाडीसारखं उतारावरून निघालं.

“वहिनी!” स्प्रॅग ओरडला. “घर हलतंय!”

“त्यासाठीच तर सकाळपासून खपतोय आम्ही.”

“थांबवा ते!”

“मी कशी थांबवू? माझे दोन्ही हात मडक्याला आहेत!”

मेहिटाबेलची खुर्ची या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या मारत होती. “लव्हायना,” जाता जाता ती म्हणाली, “पाव उलटे कर गं, एका बाजूने लागतील.”

घर ओढ्यावर उतरलं. बर्फाने कण्हल्यासारखा आवाज केला, पण दगा दिला नाही. त्याच वेगात घर पलीकडच्या काठावर चढलं, स्वतःभोवती अर्धा फेरा फिरलं आणि हायरमच्या गवताच्या गंजीत पाठ टेकून थांबलं. एक काच तेवढी फुटली.

मागून हायरम धावत बर्फावरून आला. त्याने काठावर उडी मारली आणि पाठीमागे ओढा दुभंगला. हिमखंड एकमेकांवर आपटत वाहायला लागले. तो दारावर आदळला.

“आई! लव्हायना! जिवंत आहात ना?”

“पाय पुसून आत या,” लव्हायना म्हणाली. “पाव झालेत.” आणि मग मडकं खाली ठेवून ती त्याच्या गळ्यात पडली. हसत होती की रडत होती, तिचं तिलाच कळेना.

हायरमने बाहेर जाऊन पाहिलं. पायाखाली त्याची जमीन होती. आयुष्यात पहिल्यांदा काम वेळेआधी झालं होतं. त्याने टोपी आभाळात भिरकावली. पलीकडून शेजाऱ्यांनी आरोळी ठोकली. उपाशी माणसांचा आवाज लव्हायनाने बरोबर ओळखला. ती काठावर आली आणि एकेक पाव ओढ्यापार फेकू लागली. टॉलेफने सगळे टोपीत झेलले. त्या दिवशी तो चक्क दोन शब्द बोलला, “झकास, वहिनी!”

स्प्रॅग दगडावरून उठला. “माझा दगड,” तो पुटपुटला.

“उचला आणि न्या,” हायरम म्हणाला. “ओढा वाट देत असेल तर!”

लव्हायनाने नवऱ्याकडे डोळे वटारले आणि स्प्रॅगपुढे घेवड्याचं ताट ठेवलं. कितीतरी वर्षांत त्याने स्वतः उकडलेल्या खारट मांसापलीकडे काही खाल्लं नव्हतं. पहिला घास घेतला, दुसरा घेतला, मग ताट पुसून पुढे केलं. ओढ्याचं पाणी ओसरेपर्यंत तो तिथेच राहिला. मेहिटाबेलची लोकर गुंडाळून दिली, फुटलेल्या खिडकीला फळी ठोकली, गाईची धार काढली. दगडाचं नाव काढलं नाही. पाणी उतरल्यावर तो गेला, तोही जेवण उरकून.

वसंतात एका सकाळी हायरमला पलीकडे ठोकाठोक ऐकू आली. स्प्रॅग आपली झोपडी टेकडीवरून मोडून, फळी फळी करून, थेट ओढ्याच्या काठाशी उभी करत होता.

“अहो स्प्रॅग!” हायरम ओरडला. “इतक्या खाली? पूर आला तर वाहून जाल!”

“जाऊ दे की!” पलीकडून उत्तर आलं. “तुमच्या बाजूला लागलो म्हणजे झालं!”

हायरमने लव्हायनाकडे पाहिलं. ती आत वळली होती. घेवडा भिजत घालत होती, आज एक मूठ जास्त.